लग्नातलं पाकीट: कुठे झाकून, कुठे उधळून, आणि वही कोणाकडे?

निळीशाई

लग्नात वस्तू द्यावी की पैसे हा वाद इथे नको, जगाच्या निम्म्याअधिक भागात तो कधीच मिटलाय, लोक सरळ पैसे देतात. मला बोलायचंय ते पैसे देतात कसे यावर. बरेच दिवस या विषयावर मिळेल ते वाचतेय, काही रिसेप्शन्सना जाऊनही आले, आणि मला सारखं असं दिसतं की आकडा कोणाला दिसतो आणि तो कुठे लिहिला जातो या दोन गोष्टींवरच सगळा रिवाज उभा असतो. बाकीचं सगळं म्हणजे रंग, गाठी, नाच हे त्यावरचं सजवणं.

माझं मत आधीच सांगते. नोटा उघड्यावर उधळतात ती लग्नं बघणाऱ्याला भडक वाटतात, पण तिथला पैसा मोकळा असतो. सुबक बंद पाकिटातला पैसाच माणसाला जास्त बांधून ठेवतो.

जपानचं बघा. आहेराच्या पाकिटाला जी दोऱ्याची गाठ असते ती सुटणारी चालत नाही, कारण लग्न पुन्हा व्हायला नको, सोडून परत बांधता येणारी फुलगाठ ही बाळाच्या जन्मासारख्या पुन्हा पुन्हा यावं अशा आनंदाला. नोटा कोऱ्या करकरीत लागतात, त्यासाठी लोक मुद्दाम बँकेत जाऊन बदलून आणतात (अंत्यविधीला बरोब्बर उलटं, तिथे कोरी नोट दिली तर तुम्ही आधीपासून तयारीत होतात असा अर्थ निघतो). मित्राच्या लग्नाचा रूढ आकडा 30,000 येन, म्हणजे दहा हजाराच्या तीन नोटा, कारण दोनाने भाग जाणारा आकडा म्हणजे जोडपं दुभंगणार. आतल्या पाकिटावर रक्कम लिहायची ती पण जुन्या वळणाच्या अंकांत, ज्यात एखादी रेघ वाढवून फेरफार करता येत नाही. हे सगळं रेशमी रुमालात गुंडाळून न्यायचं, स्वागताच्या टेबलाशी रुमाल उलगडायचा, पाकिटाचं तोंड समोरच्याकडे फिरवून दोन्ही हातांनी द्यायचं, वाकायचं, वहीत नाव लिहायचं. पैशाचा शब्द कोणी काढत नाही. आणि इतक्या झाकपाकीनंतर तुमची रक्कम शेवटच्या येनपर्यंत नोंदलेली असते.

आता नायजेरिया. नवरा-नवरी नाचत असतात, पाहुणे समोर येऊन नाचता नाचता एकेक नोट त्यांच्या कपाळाला लावतात, नोट घसरून खाली पडते की पुढची. मैत्रिणी पिशव्या घेऊन पायाशी वाकून गोळा करतायत. ज्याने दिले त्याला सगळ्यांनी पाहिलं, पण नोटा एकत्र झाल्यावर कोणाच्या किती हे कोण सांगणार?

तुम्ही कुठल्या देशातल्या लग्नाला गेला असाल, किंवा तिथे राहत असाल, तर लिहा. नुसतं रिवाज अमुक आहे एवढं नको, नोंद कोण ठेवतं आणि परतफेड कशी होते तेही लिहा.

पांथस्थ

छान विषय. कोरियात बरीच वर्षं काढलीत म्हणून तिथलं लिहितो.

हॉलच्या दाराशी दोन टेबलं असतात, एक मुलाकडचं एक मुलीकडचं, आणि तुम्ही ज्याच्या ओळखीने आलात त्याच टेबलावर द्यायचं. पांढरी पाकिटं तिथेच ठेवलेली असतात, पाठीमागे खालच्या कोपऱ्यात नाव उभं लिहायचं. टेबलामागे घरातलाच विश्वासाचा माणूस बसतो, चुलतभाऊ वगैरे, तो पाकिटावर क्रमांक टाकतो, वहीत नाव लिहितो आणि तुमच्या हातात जेवणाचं कूपन देतो. विधी अर्ध्या तासात आटपतो, काही लोक तर पाकीट देऊन थेट जेवायलाच जातात. बाहेरच्याला हे कोरडं वाटतं, मलाही सुरुवातीला वाटायचं.

पण वही उघडून बघितली की कळतं. त्यातली निम्मी नावं नवरा-नवरीला माहीत पण नसतात, ती आईवडिलांची माणसं. वडिलांनी नोकरीभर ज्यांच्या ज्यांच्या मुलांच्या लग्नात पाकिटं दिली ते सगळे आता आपापलं परत करायला येतात, म्हणून लग्न नोकरीत असतानाच व्हावं अशी घाई बऱ्याच घरांत असते, रिटायर झाल्यावर किती येतील याचा भरवसा नाही. आणि पुढे त्या घरात लग्न निघालं की आधी वही काढायची, त्यांनी काय दिलं होतं ते बघायचं, मग पाकीट भरायचं.

आकडा 50,000 किंवा 1,00,000 वॉन, दहा हजारांच्या हिशोबात विषम हवा, फक्त एक लाख सम असून चालतो. सरकारला यात हात घालावा लागला हे पण सांगण्यासारखं आहे. लाचखोरीविरोधी कायदा सप्टेंबर 2016 पासून लागू झाला, त्यात सरकारी नोकर, शिक्षक, पत्रकार यांना लग्नाचं पाकीट किती रकमेपर्यंत घेता येईल ते ठरवून दिलं, आधी एक लाख वॉन, 2018 मध्ये ते पन्नास हजारावर आणलं. कारण उघड आहे, आहेर म्हणून दिलेलं पाकीट आणि काम करून घ्यायला दिलेलं पाकीट दिसायला सारखंच.

मनमोकळी

निळीशाईताई, धागा आवडला पण मोकळा-बांधील हे काही मला पटलं नाही. तुर्कस्तान घ्या की. तिथे तर सगळं उघड्यावर आणि तरी पै पैची नोंद.

मी गेले होते त्या लग्नात जेवणानंतर नवरा-नवरीला मधोमध उभं केलं, दोघांच्या गळ्यात लाल सॅटिनचे पट्टे. पाहुण्यांची रांग लागली, एकेक जण येऊन लाल फितीला अडकवलेलं सोन्याचं नाणं टाचणीने त्या पट्ट्यावर लावतो, कोणी नोटा लावतात, कोणी बांगडी हातात चढवतं. आणि शेजारी माईक घेऊन एक माणूस मोठ्याने पुकारतोय, मुलीच्या मामांकडून एक बांगडी, मुलाच्या मित्राकडून पाव नाणं. कॅमेरा सतत चालू. एक काकू खुर्चीत बसून वहीत उतरवून घेत होत्या, त्यांनी मान वर करून नवरीकडे पाहिलंच नाही त्या वेळात.

पाव नाणं म्हणजे साधारण पावणेदोन ग्रॅमचं, 22 कॅरट. सोनं इतकं महागल्यावर मित्रमंडळींना तेही झेपेना, मग ग्रॅमभराची किंवा त्याहून छोटी चकती नाहीतर रोख. पण खरी गंमत परतफेडीत आहे. नोट दिली तर वर्षांनी ती रक्कम किरकोळ वाटते, सोनं मात्र वजनाने फेडायचं. त्यांनी पाव लावलं होतं ना, मग आपणही पावच, भाव काही का असेना. महागाईत होरपळलेल्या लोकांनी शोधलेला हा अगदी व्यवहारी मार्ग आहे असं मला वाटतं.

आणि घटस्फोट झाला की हेच सोनं कोर्टात जातं, ते कोणाचं? लग्नात अंगावर घातलेलं सगळं बाईचं, मग ते कोणीही घातलेलं असो, असे निकाल वर्षानुवर्षं लागायचे. 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने भूमिका बदलली, ज्याला दिलं त्याचं, फक्त बायकांच्या वापराची वस्तू बाईची. म्हणजे लग्नाचा व्हिडिओ पुराव्यात येणार, कोणाच्या पट्ट्यावर काय टाचलं ते बघायला! हे मला फार वाईट वाटलं. कित्येक बायकांकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच असतं.

निळीशाई

मनमोकळी, तुर्कस्तानचं उदाहरण चपखल आहे, आणि त्याने मुद्दा आणखी नेमका झाला. उघड की झाकलेलं हा भाग दुय्यम, वही आहे की नाही हा खरा फरक. जिथे वही तिथे फेड आलीच, मग पैसे पाकिटात असोत की माईकवर पुकारलेले असोत. बायकांच्या सोन्याबद्दल तुम्ही लिहिलंय त्याला पूर्ण अनुमोदन.

खारूताई

पोलंड आणि हंगेरी माझ्याकडून.

पोलंडमध्ये चर्चमधून जोडपं बाहेर आलं की लोक त्यांच्यावर नाणी फेकतात, अगदी चिल्लर, आणि दोघांनी ती वाकून वाकून वेचायची, एक न एक. जो जास्त वेचेल त्याच्या हाती घरचा पैसा राहणार म्हणतात. नवरीचा तो पायघोळ झगा, वर उन्ह, लहान पोरं मदतीला धावतात, पाच-दहा मिनिटं नुसता गोंधळ असतो. रक्कम काहीच नसते त्यात. खरा आहेर वेगळा, तो पाकिटात, शुभेच्छा देताना हातात.

हंगेरीत मध्यरात्रीच्या सुमारास एकजण ओरडतो, नवरी विकायला आहे! आणि मग जो टोपीत किंवा परडीत पैसे टाकेल त्याने तिच्याबरोबर नाचायचं, दोन गिरक्या झाल्या की पुढचा हजर. आजोबा, शेजारी, ऑफिसातली माणसं, बायकासुद्धा, सगळे नाचतात. शेवटी नवरा येतो, सगळे पैसे देऊन तिला घेऊन जातो, आणि ती कपडे बदलून बहुतेक लाल ड्रेसमध्ये परत येते, आता ती सून म्हणून. परडीत कोण किती टाकतं ते त्या गर्दीत कोणी मोजत नाही, म्हणजे निळीशाईंच्या भाषेत बिनवहीचा पैसा.

सांजवात

विकायला आहे हे शब्द मला तरी ऐकवत नाहीत. रिवाज म्हणून सगळंच गोड मानून घ्यायचं का?

खारूताई

प्रश्न रास्त आहे. शब्द जुन्या काळचे आहेत आणि त्या काळी बाई खरंच या घरातून त्या घरात दिली जायची, ते नाकारण्यात अर्थ नाही. आताच्या काही मुली हा नाच ठेवतच नाहीत, काही ठेवतात पण ती हाळी वगळतात. मला त्यातलं जे जपावंसं वाटतं ते एवढंच की नवरी त्या रात्री प्रत्येक माणसाबरोबर, मग तो कितीही साधा असो, थोडा वेळ तरी नाचते. ज्याच्याकडे भरायला जाड पाकीट नाही त्यालाही तेवढ्याच गिरक्या मिळतात. मोठ्या रिसेप्शनमध्ये जोडप्याशी धड दोन शब्द बोलायला मिळत नाहीत, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

धुमकेतू

नायजेरियाबद्दल थोडी भर. नोटा उधळणं तिथे कायद्याने गुन्हा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मध्यवर्ती बँकेच्या 2007 च्या कायद्यात नायरा उधळणे, त्यावर नाचणे, पायदळी तुडवणे याला कमीत कमी 6 महिने कैद किंवा 50,000 नायरा दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय. वर्षानुवर्षं कोणी लक्ष दिलं नाही, मग 2024 मध्ये तपास यंत्रणांनी खटले भरायला घेतले आणि सोशल मीडियावरच्या एका प्रसिद्ध व्यक्तीला 6 महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा लोक हादरले. बँकेचं म्हणणं नोटा मळतात फाटतात, चलनाचा अवमान होतो. लोकांचं म्हणणं, आम्ही आनंद व्यक्त करतोय, तुडवत नाहीये.

हॉलच्या बाहेर नोटा बदलून देणारे उभे असतात, मोठ्या नोटा द्या आणि लहान नोटांची कोरी बंडलं घ्या, वर त्यांचं कमिशन. कारण थोड्याच पैशात बराच वेळ उधळता यायला हवं. आता भीतीने काही जण मधोमध पेटी ठेवतात, काही पाकिटं देतात, पण जुन्या लोकांना त्यात मजा नाही. पाकीट टेबलावर ठेवायला नाचावं लागत नाही ना!

निळीशाई, एक मात्र सांगतो, तिथला पैसा अगदीच बिनहिशोबी नसतो. वही नसेल पण डोळे असतात. जवळचा म्हणवणारा मित्र दोन नोटा लावून परत जाऊन बसला तर ते लोक विसरत नाहीत.

तळटीप

इतिहासात थोडं मागे जातो, कारण वही ही फक्त पूर्वेकडची गोष्ट आहे असा समज व्हायला नको.

वेल्समध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लग्नाआधी एक माणूस हातात फितींनी सजवलेली काठी घेऊन घरोघर फिरायचा आणि आमंत्रण द्यायचा. नंतर छापील पत्रं आली. त्या पत्रांत सरळ लिहिलेलं असायचं की जे द्याल ते आनंदाने स्वीकारलं जाईल आणि तशीच वेळ आल्यावर परत केलं जाईल, आणि पुढे, मुलाच्या आईवडिलांनी, भावांनी ज्यांना ज्यांना पूर्वी आहेर केलेत त्यांनी ते या दिवशी परत करावेत ही विनंती! म्हणजे येणी वसुलीला काढायची आणि त्यातून नव्या जोडप्याचा संसार उभा करायचा. दिवसभर एकजण टेबलाशी बसून नाव आणि रक्कम लिहायचा. पांथस्थ यांनी कोरियाचं लिहिलंय ते वाचताना मला हेच आठवत होतं. बँका नाहीत, कर्ज कोणी देत नाही, अशा ठिकाणी सगळ्या गावाने मिळून चालवलेली ही भिशीच होती, आणि लग्न म्हणजे तुमचा नंबर लागला.

तिकडे स्कॉटलंडमध्ये पाहुणे थोडे थोडे पैसे घालून लग्नाचं जेवण आणि वाजंत्री भागवायचे, उरलेलं जोडप्याला. तिथल्या चर्चला ही दंगामस्ती खपायची नाही, सतराव्या शतकात पुन्हा पुन्हा निर्बंध घातले, लोकांनी दाद दिली नाही. डेव्हिड विल्की या चित्रकाराने 1818 मध्ये अशाच लग्नाचं चित्र काढलंय, जरूर बघा, त्यात सगळे नाचण्यात आणि गप्पांत इतके रमलेत की पैशाचा विषयच डोक्यात येत नाही.

अबोली_२

आकड्यांबद्दल पटकन: चीनमध्ये जपानच्या उलट, सम हवा, जोडी म्हणून. 6 आणि 8 शुभ, 4 नको कारण उच्चार मृत्यूशी जुळतो. ज्यू लग्नांत 18 च्या पटीत देतात, कारण त्यांच्या अक्षरांना अंकाची किंमत असते आणि जीवन हा शब्द 18 भरतो. इस्रायलमध्ये हॉलच्या दाराशी चक्क तिजोरी असते, वरच्या फटीतून पाकीट आत.

चीनमध्ये वही लाल असते आणि कित्येक ठिकाणी लिहायला अक्षर चांगलं असलेला वडीलधारा बसवतात. आता फोनवरून लाल पाकीट जातं, पण वीचॅट या तिथल्या मेसेजिंग ॲपवर एका पाकिटाला साधारणपणे 200 युआनची मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त द्यायचं तर सरळ ट्रान्सफर. फोनमुळे वही संपली असं नाही हं, उलट आता ती हरवतच नाही. कोणी किती कधी पाठवले, सर्च केलं की समोर.

ऋतुगंध

मला सगळ्यात खटकतं ते ताटाच्या किमतीचं गणित. स्पेनमध्ये, पोलंडमध्ये, इस्रायलमध्ये, सगळीकडे हे ऐकलं, की निदान आपल्या ताटाचा खर्च निघेल एवढं तरी द्यावं. मग माणूस आमंत्रण आलं की हॉल कुठला ते बघतो आणि अंदाज बांधतो. ज्यांनी महागडा हॉल घेतला त्यांच्या हौसेचं बिल पाहुण्याने का भरायचं? ऐपत नसलेली मैत्रीण मग काहीतरी कारण काढून येतच नाही, आणि जोडप्याला कधी कळतही नाही की ती का आली नाही.

टांझानियात तर लग्नाआधीच समिती बसते, वर्गणीची यादी होते, फोनवरून पैसे मागतात, आणि वर्गणी किती यावर एकट्याचं कार्ड की जोडीचं ते ठरतं. ऐकायला कठोर वाटतं. पण तिथे राहणाऱ्या माझ्या नातेवाईकांचं म्हणणं वेगळं आहे, निदान सगळं स्पष्ट असतं आणि जोडप्याच्या डोक्यावर लग्नाचं कर्ज राहत नाही.

नेदरलँडची पद्धत त्या मानाने सौम्य, पत्रिकेच्या कोपऱ्यात छोटंसं पाकिटाचं चित्र छापतात, समजणाऱ्याला समजतं. जर्मनीत नुसती नोट द्यायला लोकांना कसंतरी वाटतं म्हणून नोटांच्या घड्या घालून होड्या, फुलपाखरं, झाडं करतात, संध्याकाळ घालवतात त्यात. अमेरिकेत शिकागोच्या एका मोठ्या दुकानाने 1924 मध्ये भेटवस्तूंची यादी ठेवायची सोय काढली आणि तीच पुढे शिष्टाचार झाली, रोख मागणं मात्र अजून कित्येकांना असभ्य वाटतं, म्हणून हनिमूनचा फंड वगैरे नावं द्यावी लागतात.

सांजवात

ऋतुगंध, अगदी मनातलं लिहिलंत. न येणाऱ्या मैत्रिणीबद्दल कोणीच बोलत नाही.

निळीशाई

ऋतुगंध, जपानमध्येही हाच पेच आहे, एका हंगामात दोन-तीन मित्रांची लग्नं आली की नुकत्याच नोकरीला लागलेल्याचं पगाराचं गणित कोलमडतं, 20,000 दिले तर चालतील का अशी विचारणा सतत चालू असते. काही जण मग एक दहा हजाराची आणि दोन पाच हजाराच्या अशा तीन नोटा घालतात, रक्कम सम पण नोटा विषम.

पण त्याच देशात होक्काइदो बेटावर हे सगळंच नाहीये! तिथे पत्रिकेतच शुल्क छापलेलं असतं, सगळ्यांना सारखं, बॉस असो की शाळेतला मित्र. गाठीचं पाकीट लागत नाही, टेबलाशी जाऊन खिशातून नोटा काढून द्यायच्या, समोरचा तिथेच मोजतो, यादीत खूण करतो, सुट्टे असतील ते परत देतो. ऐकून आधी धक्का बसतो, लग्नाला आलोय की तिकिटाच्या खिडकीवर. पण विचार केला तर वही असूनही तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही, सगळ्यांपुढे एकच आकडा. कोणी कमी दिले नाहीत, कोणी जास्त देऊन उपकार केले नाहीत. मला निवडायला सांगितलं तर मी हेच निवडेन.

पांथस्थ

पण मग ज्याला मनापासून जास्त द्यायचंय त्याने काय करायचं? सख्खी मावशी असेल तर?

निळीशाई

जवळचे लोक वेगळी भेट देतातच, फक्त ती त्या टेबलावर नाही, आधी किंवा नंतर घरी जाऊन. रिसेप्शनमध्ये सगळे सारखेच. परतीची भेटही तिथे साधीच असते, बाकी जपानसारखी भरगच्च पिशवी हातात मिळत नाही, त्यामुळे शुल्कही आवाक्यात राहतं.

धुमकेतू

हे नायजेरियात सांगून बघा, कोणी ऐकणार नाही. पैसे देताना नाचायचं नाही म्हणजे काय!
बाकी फिलिपाइन्स, मेक्सिको, सायप्रस इथेही कपड्यांना नोटा टाचायची पद्धत आहे, तिथे कोणी राहत असेल तर लिहा. नोटा टाचल्यावर नंतर कोण कशा काढतं, तिथे वही असते का, हे वाचायला आवडेल.